सहावी बाबागाडी

कॅफेच्या उत्तरेकडच्या भिंतीला लागून पाच बाबागाड्या उभ्या होत्या. पाचही एकाच कंपनीच्या, एकाच घडणीच्या, शेवाळी हिरव्या. पाच टोप वर ओढलेले, वीस चाकं, त्यातल्या दहांना ब्रेक. प्रत्येक गाडीत लोकरीच्या अस्तराची एक झोपपिशवी आणि प्रत्येक पिशवीत नाकापर्यंत चेन ओढलेलं एक झोपलेलं मूल. आत, खिडकीजवळच्या टेबलावर, पाच बेबी मॉनिटर, पाच कप आणि पाच आया. बाहेर उणे एक अंश.

सिडसेलला मोजायची सवय होती. कापडशास्त्राची पदवी घेऊन प्रयोगशाळेत जायच्या ऐवजी ती पालकांसाठीच्या एका मासिकात गेली. गेली सहा वर्षं ती देशभरच्या आईबापांना सांगत होती की कुठला चमचा हिरड्यांना टोचत नाही, कुठल्या पायजम्याची चेन गळ्याला लागत नाही, कुठली खुर्ची दिवाणखान्यात शोभते आणि भोपळ्याच्या लगद्याने माखली तरी एका फडक्यात पुसून निघते. देखणं आणि उपयोगी, दोन्ही हवं. हे तिच्या सदराचं ब्रीद होतं. त्या सहापैकी साडेपाच वर्षं तिला स्वतःला मूल नव्हतं.

"मूल नव्हतं तेव्हा तू जास्त खात्रीने लिहायचीस," मालेने म्हणायची. मालेने या पाचजणींत सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत फटकळ. तिचं हे दुसरं बाळंतपण होतं, त्यामुळे तिला बोलायचा हक्कही दुप्पट होता.

या पाचजणींना नगरपालिकेने एकत्र आणलं होतं. स्वेनबोर्गमध्ये एकाच पंधरवड्यात बाळंत झालेल्या बायका, याखेरीज त्यांच्यात सारखं काही नव्हतं. सप्टेंबरपासून दर गुरुवारी त्या बंदरावरच्या या कॅफेत भेटत. उघड्या हवेत पोर दोन तास सलग झोपतं, आत आणलं की वीस मिनिटांत उठतं. म्हणून गाड्या बाहेर आणि आया आत. दुसरीच्या गाडीत डोकावायचं नाही, झोपलेलं मूल उघडून बघायचं नाही, हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. ते सगळ्यांना येतच होतं.

ऑक्टोबरात युटलंडच्या एका कंपनीने सिडसेलला विचारलं होतं: आमची नवी गाडी वसंतात दुकानात येईल, त्याआधी खऱ्या घरांत वापरून बघाल का? सिडसेलने लगेच गटाचं नाव पुढे केलं. पाच घरं, एक हिवाळा. मथळासुद्धा तयार झाला. गाड्या आल्या, सोबत सारख्या पिशव्या आणि सारख्या राखाडी लोकरी टोप्या. पहिल्या आठवड्यात जिने तिने आपापली खूण लावली. मालेनेने लाल गोंडा बांधला, लेर्केने नावाची लाकडी पट्टी अडकवली. पण फोटोत ते सगळं गबाळं दिसत होतं.

"फोटो होईपर्यंत काढून ठेवा गं," सिडसेलने सांगितलं.

फोटोला हवा तसा उजेड काही मिळाला नाही, आणि काढलेल्या खुणा पिशव्यांत, ड्रॉवरांत राहून गेल्या. आपली गाडी कुठे उभी केली ते लक्षात ठेवायचं, झालं. सिडसेलची नेहमी पन्हाळीच्या नळाशेजारी असायची.

ओडा, कॅफेतली पोरगी, ट्रे घेऊन आली. वेलचीचे गोड पाव सहा होते.

"एक जास्त आलाय," सिडसेल म्हणाली.

"तुम्ही सहाजणी ना?" ओडाने खिडकीबाहेर पाहिलं, मग टेबलाकडे. "मी तर नाताळच्या आधीपासून सहाच आणतेय."

"आम्ही पाचच आहोत. पहिल्यापासून."

"मग तो माझा," मालेने म्हणाली आणि पाव उचलला. "आजवर कोण खात होतं वाटलं तुला? सिडसेल, हे लिही तुझ्या सदरात. आयांसाठी अत्यंत उपयोगी वस्तू: जास्तीचा पाव. देखणाही आहे."

त्या हसल्या. लेर्के तेवढी हसली नाही. तिने आपल्या मॉनिटरचा आवाज आणखी कमी केला.

त्या दुपारी सिडसेलने घरी फोटो पाहिले. खिडकीतून घेतलेले, नेहमीसारखेच करड्या उजेडाचे. भिंत, पन्हाळीचा नळ, ओळीने हिरवे टोप. तिने ते बोटांनी मोठे करून मोजले, मग उलट्या बाजूने मोजले. सहा होते. तिने फोटो गटात पाठवला आणि खाली लिहिलं, "सहावी कुणाची?" मालेनेकडून वर केलेला एक अंगठा आला. बाकी कुणी काही लिहिलं नाही.

"असेल कुणी दुसरी बाई," तिचा नवरा एस्बेन म्हणाला. "बंदर काय तुमच्या पाचजणींच्या मालकीचं आहे?"

"पण आपल्याच गाडीसारखी गाडी?"

"तूच सगळ्यांना सांगत असतेस ना, हे घ्या, ते घ्या. घेतली असेल कुणीतरी."

गाडी अजून दुकानात आलेलीच नव्हती, हे सिडसेल बोलली नाही. त्यांची मुलगी विग्गा उठली होती, आणि विग्गा उठली की त्या घरात दुसरं काही बोलायला जागा उरत नसे.

विग्गा पीत नव्हती. अंगावरचं चार घोट, बाटलीतलं दोन, मग पाठ ताणून किंचाळणं. पिताना ती आईच्या केसांची बट मुठीत धरायची आणि दूध नको झालं की ती बट ओढायची. ओट्यावरच्या कपाटात अकरा प्रकारच्या बाटल्या होत्या. बहुतेकींना सिडसेलने कधी ना कधी पाचपैकी चार तारे दिले होते.

मंगळवारी नगरपालिकेची आरोग्यसेविका आली. गुडरुन तिचं नाव. तीस वर्षं घरोघरी पोरं तोलत आलेली, हात कायम गरम. तिने जेवणाच्या टेबलावर काटा मांडला, विग्गाला नागडं करून त्यात निजवलं आणि वाकून आकडा वाचला.

"पाच किलो साडेसहाशे. तीन आठवडे झाले, काटा हललेला नाही गं."

"काल रात्री ऐंशी मिलिलीटर प्यायली."

"बरं झालं. पण साडेपाच महिन्यांच्या पोरीला हे पुरत नाही, तुलाही माहितीये." गुडरुनने विग्गाचं डोकं तळव्यात घेऊन फिरवलं. "उजवीकडेच मान टाकते ना? मागून उजवीकडे चपटं झालंय बघ. दुसऱ्या कुशीवर निजवत जा. आणि पुढच्या मंगळवारपर्यंत वाढली नाही, तर ओडेन्सच्या इस्पितळात पाठवावं लागेल. नाकातून नळी घालतात. घाबरू नकोस, माणसं चांगली आहेत तिथली."

ती गेल्यावर एस्बेन कपाट उघडून बाटल्यांकडे बघत उभा राहिला.

"अख्ख्या देशाला तू जेवायला शिकवलंस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

सिडसेलला त्या आठवड्यात जगात एकच गोष्ट हवी होती. या मुलीने नळीशिवाय पोटभर प्यावं.

गुरुवारी सकाळपासून बर्फ पडत होता. विग्गा वाटभर रडली आणि पन्हाळीच्या नळाशी पोचेपर्यंत थकून झोपली. सिडसेलने ब्रेक लावला, टोप वर ओढला, आत गेली. निघताना बाकीच्या चौघी घाईने बाहेर पडल्या. सिडसेलला बिल द्यायचं होतं म्हणून ती मागे राहिली.

ती बाहेर आली तेव्हा भिंतीशी दोन गाड्या होत्या. एक नळाला चिकटून, दुसरी हातभर पलीकडे. दोन्हींच्या टोपांवर बोटभर बर्फ. जमिनीवरच्या चाकांच्या खुणा भरून सपाट झाल्या होत्या. तिने नळाशेजारच्या गाडीत पाहिलं. राखाडी टोपी, मिटलेल्या पापण्या, नाकाचा लाल शेंडा. विग्गा.

"चल गं, काय बघतेस," मालेनेने कोपऱ्यावरून हाक दिली. "झोपलंय ना पोर? मग झोपू दे."

सिडसेलने ब्रेक काढला. दुसऱ्या गाडीत तिने पाहिलं नाही. दुसऱ्याच्या गाडीत कोण बघतं? चढावर गाडी जड लागली. बर्फ आहे, तिने मनाशी म्हटलं.

घरी विग्गा उठली ती रडली नाही. तिने दोनशे मिलिलीटरची बाटली शेवटच्या थेंबापर्यंत संपवली आणि तोंड उघडंच ठेवलं. एस्बेनने धावत जाऊन दुसरी भरून आणली. तीही निम्मी गेली. तो स्वयंपाकघरात जमिनीवर बसला आणि कितीतरी दिवसांनी हसला. त्याने सिडसेलच्या पोटरीवर हात ठेवला. ती रात्र विग्गा सलग झोपली, दुसरीही.

मंगळवारी गुडरुनने तिला दोनदा तोललं. मधे काटा रिकामा करून शून्यावर आणला.

"सहा किलो चाळीस," ती म्हणाली. "एवढं एकदम? पोटात दूध असेल थोडं. असू दे, असू दे. ओडेन्सचं रद्द." तिने विग्गाचं डोकं तळव्यात घेतलं, अंगठा मागून फिरवला. "आणि उजवीकडचं छान भरून आलं की. पण बाई, आता डावीकडे चपटं झालंय. एवढंही नको वळवून निजवू."

सिडसेलने तिला कधीच वळवून निजवलं नव्हतं. त्या आठवड्यात तेवढं सुचलंच नव्हतं.

गुडरुन गेल्यावर तिने स्वतः बोटं फिरवली. डावीकडे, कानाच्या मागे, तळहाताएवढी सपाट जागा. उजवीकडे पूर्ण गोल. कवटीचं हाड पाच दिवसांत असं बदलत नाही. तिने फोनमधला डिसेंबरातला फोटो काढून एस्बेनसमोर धरला.

"बघ. इथे उजवीकडे आहे."

"पुढच्या कॅमेऱ्याने काढला असशील. तो उलटं दाखवतो."

"मागच्याने काढलाय."

"सिडसेल." त्याने फोन तिच्या हातातून घेऊन पालथा ठेवला. "मुलगी पितेय. झोपतेय. तुला आणखी काय हवंय? तक्रार करायचीय का, माल बदलून द्या म्हणून?"

तिच्याकडे पुरावा म्हणावा असं थोडंच होतं. विग्गा आता पिताना केस धरत नसे. हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवायची आणि प्यायची, आणि पिता पिता आईकडे बघायची. बाटली संपली तरी बघायची. आंघोळीचं पाणी गार झालं तरी रडायची नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, किती गुणी पोर. खरंच होतं ते.

पुढच्या गुरुवारी सिडसेलने गाडी नळाशी लावली, आत गेली, कोट काढला, आणि पाचेक मिनिटांनी पुन्हा घातला.

"कुठे?" लेर्केने विचारलं.

"मॉनिटरची बॅटरी गेलीय वाटतं. बघून येते."

तिच्या मॉनिटरवर हिरवा दिवा होता. लेर्केने तो पाहिला.

बाहेर सहा गाड्या होत्या. पाच जवळजवळ, आणि सहावी भिंतीच्या पार टोकाला, जिथे कॅफेवाले रिकाम्या बाटल्यांचे क्रेट ठेवतात तिथे. बर्फ थांबला होता. खाडीकडून वारा येत होता आणि डोलकाठ्यांवरचे दोर टकटक वाजत होते. सिडसेल टोकापर्यंत गेली. त्या गाडीच्या मागेपुढे बर्फावर चाकांच्या खुणा नव्हत्या. चाकांखाली फरशी कोरडी होती.

तिने टोप मागे केला.

पिशवी छातीपासून पायापर्यंत गच्च फुगलेली होती, एखाद्या पिशवीत घरातली सगळी पांघरुणं कोंबावीत तशी. चेन नाकापर्यंत ओढलेली. वर राखाडी टोपी आणि एक लहान, ओढलेला चेहरा, मान उजवीकडे टाकलेली. डोळ्याच्या कोपऱ्याशी निळी शीर.

सिडसेलने बोटाची मागची बाजू गालाला लावली. गाल ऊबदार होता.

मुलीने डोळे उघडले. तिचं तोंड उघडलं, आणि रडण्याआधीचा तो घोगरा आवाज आला, जो सिडसेलने साडेपाच महिने दिवसरात्र ऐकला होता. पिशवीच्या आत एक हात वर यायला धडपडत होता. सिडसेल वाकली तेव्हा तिची केसांची बट खाली लोंबली, आणि त्या मुलीची नजर बटेकडे गेली.

मागे, नळाशेजारच्या गाडीतून, दुसरी उठली. ती रडली नाही. एका पट्टीत, सावकाश, हाक मारल्यासारखा आवाज करत राहिली. तिची दुधाची वेळ झाली होती.

सिडसेलच्या छातीत दूध उतरलं, कोटाच्या आत ओलं झालं. कुणाच्या आवाजाने उतरलं, ते तिला सांगता आलं नसतं.

"बघितलंस ना शेवटी," मालेने म्हणाली. ती दारातून कोट न घालताच आली होती, हात काखेत दाबून.

"मालेने, ही विग्गा आहे."

"हो. असेल."

"असेल म्हणजे काय?"

"मीही असंच म्हणाले होते. नोव्हेंबरात. हा माझा स्टोर्म आहे म्हणून." मालेने गाडीत बघत नव्हती, बंदराकडे बघत होती. "तीन महिने रडत होता तो. तुला आठवतं ना? मी जिन्यात बसायचे, कानात बोळे घालून. एकदा उशी हातात घेतली होती मी. कुणाला सांगितलं नाही. आता बघ, रात्रभर झोपतो."

"आणि लेर्के?"

"लेर्केचं डिसेंबरात. त्या दोघींचं नाताळच्या आधी. तू सगळ्यांत शेवटची. आम्हाला वाटलं, ही एवढी मोजणारी, हिला पहिल्याच दिवशी कळेल. पण तू सगळं मोजतेस आणि बघत काहीच नाहीस."

"मी हिला घरी नेते."

"ने की. कोण अडवतंय?" मालेनेचे दात थंडीने वाजत होते. "मग त्या दुसरीला इथे ठेवणार? का दोघींना नेणार? एस्बेनला काय सांगशील? आणि मंगळवारी गुडरुनच्या काट्यात कुणाला निजवशील? हिला? पाच किलो साडेसहाशे?"

नळाकडून आवाज येत राहिला, एका पट्टीत. पुढ्यातली मुलगी आता रडायला लागली होती. रडण्यात जोर नव्हता.

बर्फातून ही गाडी ढकलायला दोन्ही हात लागतात. गाडीत तेवढाच एक दोष सिडसेलला सापडला होता.

"मी परत येते," ती मुलीला म्हणाली. "लगेच येते."

तिने टोप पुन्हा पुढे ओढला, वारा लागू नये म्हणून.

ती खरोखर परत आली. दुसरीला घरी एस्बेनकडे देऊन, मूल छातीशी बांधायचा पट्टा गळ्यात अडकवून, चढ उतरत धावत. अर्धा तास लागला असेल. भिंतीशी एकही गाडी नव्हती. क्रेटजवळ बर्फ होता, पाऊलही न उमटलेला.

ओडा टेबल पुसत होती. "सगळ्या गेल्या की," ती म्हणाली. "टोकाची गाडी? ती पण गेली. तुम्हीच कुणीतरी नेली ना?"

पोलिसांना काय सांगायचं, याचा सिडसेलने घरी जाताना नीट विचार केला. माझी मुलगी हरवली आहे. ती घरी आहे. तिने आत्ताच दोनशे मिलिलीटर दूध घेतलं.

पुढच्या गुरुवारी सहावी गाडी तिथेच होती. मालेनेने खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची सिडसेलसाठी धरून ठेवली होती. सिडसेल बसली. थोड्या वेळाने तिच्या मॉनिटरमधून आवाज यायला लागला. घोगरा, थांबून थांबून येणारा. तिने आजूबाजूला पाहिलं. चौघींचे मॉनिटर आवाज बंद करून ठेवलेले होते, नुसते दिवे लागलेले. लेर्केने हात पुढे करून सिडसेलच्या मॉनिटरची कळ दाखवली. कुठल्या बाजूला फिरवायची ते सिडसेलला माहीत होतं.

ती पुन्हा त्या टोकाला गेली नाही, असं नाही. दोनदा गेली. दोन्ही वेळा टोपावर हात ठेवला. दोन्ही वेळा नळाकडून हाक आली.

तिने लेख लिहिला. गाडीची चाकं, ब्रेक, अस्तराची लोकर, सगळं तपासून लिहिलं. देखणी आणि उपयोगी. पाच घरं, एक हिवाळा. मुलं शांत झोपतात, आईबाप समाधानी आहेत. अर्धा तारा कमी, कारण बर्फात एका हाताने ढकलता येत नाही. वाचकांची बरीच पत्रं आली. सगळ्यांना तोच रंग हवा होता.

मार्चच्या सुरुवातीला कंपनीने गाड्या परत मागवल्या. गुरुवारी सगळ्याजणी कॅफेत असतातच, म्हणून ट्रक तिथेच मागच्या अंगणात बोलावला. बर्फ वितळून फरशीवर पाणी साचलं होतं. पाचजणींनी आपापली नवी गाडी आणली होती, पाच वेगवेगळ्या रंगांची. मुलं त्यांत होती, गुबगुबीत, जागी, गप्प. विग्गा आता सात किलोच्या वर गेली होती. ती ट्रककडे बघत होती.

ट्रकवाला केल्ड म्हणून जाडजूड, बोलका माणूस होता. ट्रकच्या मागे त्याने जमिनीवर एक सपाट वजनकाटा टाकला.

"सगळं तोलून चढवायचं, असा हुकूम आहे," तो म्हणाला. "बायकांनो, घाबरू नका, तुम्हाला नाही तोलत."

कुणी हसलं नाही. मालेनेने आपली हिरवी गाडी पुढे ढकलली.

"सोळा किलो. पिशवीसकट." त्याने ती एका हाताने ट्रकमध्ये चढवली. "सोळा. ही पण सोळा. कंपनीने चोख काम केलंय. सोळा. सोळा."

मग तो हात झटकून भिंतीकडे वळला. क्रेटजवळ सहावी उभी होती. टोप वर, चेन ओढलेली.

"माझ्याकडे पाच सांगितल्यात," केल्ड म्हणाला. "पण ही आमचीच दिसतेय. सिडसेल कोण तुमच्यात? पाच, का सहा?"

मालेने वाकून स्टोर्मचा पट्टा घट्ट करत होती. लेर्के फोनमध्ये बघत होती. बाकीच्या दोघींनी गाड्यांची तोंडं रस्त्याकडे वळवली होती. अंगणात पाणी ठिबकत होतं. सिडसेल भिंतीपासून सात-आठ पावलांवर होती, आणि तिचे दोन्ही हात नव्या गाडीच्या दांड्यावर होते.

विग्गा ट्रककडे बघायची थांबली आणि आईकडे बघायला लागली.

"सहा," सिडसेल म्हणाली.

केल्डने सहाव्या गाडीचा ब्रेक पायाने सोडला आणि एका हाताने ढकललं. गाडी हलली नाही. त्याने दोन्ही हात लावले, मग खांदा लावला.

"काय भरलंय काय यात?"

"लोकर आहे," सिडसेल म्हणाली. "लोकर पाणी धरते. स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं धरलं तरी हाताला ओली लागत नाही."

"असं होय," केल्ड म्हणाला. त्याने गाडी काट्यावर चढवली, हात काढून घेतले आणि एक पाऊल मागे सरला. आकडा थांबेना. थोडा वर जायचा, थोडा खाली यायचा, पुन्हा वर. तो वाकून वाट बघत राहिला, आणि आकडा क्षणभर ठरला तेव्हा त्याने तो मोठ्याने वाचला.

"चव्वेचाळीस किलो, तीनशे ग्रॅम."

सिडसेलने त्यातून सोळा वजा केले आणि उरलेल्याला पाचांनी भागलं.